मदत हवी आहे: एसिंक केल्यापासून डेटाबेसमधल्या नोंदी गायब होतात (फास्टएपीआय + एसक्यूएलअल्केमी)

नमस्कार मंडळी,

एका दूध संकलन संस्थेचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. आधी ते फ्लास्कवर (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) होतं, थ्रेडवर चालायचं आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या सेशनसाठी एसक्यूएलअल्केमीचं स्कोप्ड सेशन (कोणाला कोणतं सेशन द्यायचं ते ठरवणारी रजिस्ट्री) वापरलं होतं. तीन वर्षं कुरकुर नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ते फास्टएपीआयवर नेलं, सगळं एसिंक केलं (एकाच थ्रेडवर अनेक कामं आळीपाळीने), खाली पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्याचा ड्रायव्हर एसिंकपीजी. स्कोप्ड सेशन तसंच ठेवलं, फक्त आत एसिंक सेशनची फॅक्टरी दिली. चाललं म्हणून पुढे गेलो. इथेच माती खाल्ली असावी.

गेल्या दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी एक शेतकरी मोबाइल घेऊन केंद्रावर आला. एसएमएसमध्ये स्पष्ट लिहिलंय: गाय, ११.४ लिटर, फॅट ३.९, एसएनएफ ८.५. आमच्या खात्यात त्या सकाळचं दूधच नाही! लॉग पाहिला तर रिक्वेस्टला २०० (म्हणजे यशस्वी) गेलंय. एररचा मागमूस नाही.

नोंदीचा क्रम असा: सेशनमध्ये ॲड, मग एसएमएस गेटवेला अवेट (उत्तराची वाट), मग कमिट (नोंद पक्की). हो, कमिटच्या आधी एसएमएस. बोलणी खायची तयारी आहे.

त्याच सेकंदाला दुसऱ्या केंद्रचालकाने सेव्हचं बटण दोनदा दाबलं होतं. युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा नको हा नियम) मोडला आणि त्या रिक्वेस्टने रोलबॅक केलं, म्हणजे बदल मागे घेतले. दुसऱ्याच्या रोलबॅकमध्ये माझी नोंद कशी जाईल?

घाईत उपाय म्हणून एसिंक स्कोप्ड सेशन लावलं आणि स्कोप फंक्शन म्हणून करंट टास्क दिलं, म्हणजे प्रत्येक टास्कला वेगळं सेशन. नोंदी जायच्या थांबल्या, पण सकाळी सात वाजता गर्दी झाली की ३० सेकंद सगळं ठप्प आणि मग ‘क्यूपूल लिमिट ऑफ साइज ५ ओव्हरफ्लो १० रीच्ड’, म्हणजे पूलमधली (कनेक्शनच्या साठ्यातली) १५ कनेक्शन संपली. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये (पोस्टग्रेसची चालू कनेक्शनची यादी) ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसत्या बसलेल्या कनेक्शनची, रांग.

शिवाय वेग वाढावा म्हणून उत्पादकाचं खातं, दरपत्रक आणि उचल या तीन क्वेऱ्या गॅदरने (अनेक एसिंक कामं एकत्र सुरू करणारं फंक्शन) एकदम सोडतो. त्यात अधूनमधून ‘अनदर ऑपरेशन इज इन प्रोग्रेस’ येतं. पूल वाढवू का? की मुळातच चुकतंय?

उंटावरचा_शहाणा:

पूलला हात लावू नका, दुखणं वेगळं आहे.

स्कोप्ड सेशन डिफॉल्टने थ्रेडनिहाय सेशन देतं. फ्लास्कमध्ये एक थ्रेड एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळत होता, म्हणून निभावलं. एसिंकमध्ये शेकडो टास्क एकाच थ्रेडवर. म्हणजे सगळ्यांना एकच सेशन. तुमची नोंद त्यात पेंडिंग, तुम्ही एसएमएसच्या अवेटवर. तेवढ्यात दुसऱ्याच्या फ्लशने दोन्ही नोंदी एकत्र डेटाबेसकडे नेल्या, डुप्लिकेटवर आपटला, रोलबॅक झालं. रोलबॅक पेंडिंग वस्तू सेशनमधून काढून टाकतो. तुम्ही परतलात तेव्हा कमिट करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून एररही नाही.

नवीन उपायात रिमूव्ह कुठे करता? करत नसणार. टास्क संपलं तरी रजिस्ट्री ते सेशन धरून बसते, सेशन कनेक्शन धरून बसतं.

ही रजिस्ट्रीच काढा. यील्ड असलेली डिपेंडन्सी (फास्टएपीआय प्रत्येक रिक्वेस्टसाठी चालवतं ते फंक्शन) लिहा: एसिंक विथमध्ये सेशन उघडायचं, हँडलरला द्यायचं, एरर आली तर रोलबॅक, शेवटी आपोआप बंद. पुढच्या फंक्शनना सेशन पॅरामीटर म्हणून द्या. कंटाळवाणं आहे, पण कोणाच्या हातात काय आहे ते दिसतं. एक्स्पायर ऑन कमिट फॉल्स करा, नाहीतर कमिटनंतर एखादा ॲट्रिब्यूट वाचायला गेलात की मिसिंग ग्रीनलेट ही एरर.

गॅदर तर काढाच. एक सेशन म्हणजे एक कनेक्शन, आणि पोस्टग्रेसच्या एका कनेक्शनवर एका वेळी एकच क्वेरी चालते. प्रायमरी कीवरच्या तीन क्वेऱ्या एकामागून एक करा, किंवा एक जॉइन लिहा.

कोपऱ्यातला_टेबल:

वरच्यात भर. कोणीतरी काँटेक्स्टव्हार (टास्कनिहाय किंमत ठेवणारं व्हेरिएबल) सुचवेलच. लक्षात ठेवा, नवीन टास्क तयार होताना काँटेक्स्टची प्रत होते, पण आतला सेशन तोच राहतो. गॅदरमधली पोरं पुन्हा एकाच ताटात जेवायला बसणार.

एसएमएस बॅकग्राउंड टास्कमध्ये न्या, कमिटनंतर. त्याला मॉडेलची वस्तू देऊ नका, नोंदीचा आयडी द्या. तिथे नवीन सेशन उघडा. आणि वर्कर (सर्व्हरच्या वेगळ्या प्रोसेस, प्रत्येकीचा पूल वेगळा) किती आहेत?

धागाकर्ता:

चार वर्कर. म्हणजे १५ गुणिले ४, ६० कनेक्शन. पोस्टग्रेसची मर्यादा डिफॉल्टचीच, १००. पूल आंधळेपणाने ३० केला असता तर तिथे आपटलो असतो.

डिपेंडन्सी लावली, गॅदर काढलं, एसएमएस कमिटनंतर नेला. आज सकाळी साडेसहा ते आठ पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडून बसलो होतो. आयडल इन ट्रान्झॅक्शन एकही दिसलं नाही. त्या शेतकऱ्याची नोंद हाताने घातली.

एक उरलंय. ज्यांच्या नोंदी गेल्या पण जे मोबाइल घेऊन आले नाहीत, ते कसे शोधू? गेटवेकडून गेलेल्या एसएमएसची यादी मिळते. ती खात्याशी ताडून पाहण्यापलीकडे काही सुचतंय का?