कॉर्न म्हणजे मका ना? मग इंग्लंडमध्ये मक्यावरून एवढं रान का पेटलं?

पानाआड:
मंडळी, जरा मदत करा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडवरचा एक मजकूर मराठीत करतेय, त्यात 'कॉर्न लॉज' सारखे येतात आणि मी पहिल्याच पानावर 'मक्याचे कायदे' लिहून मोकळी झाले, वीसेक पानं तसंच रेटलं. काल एक वाक्य आलं की हे कायदे गेले तर पाव स्वस्त होईल अशी कामगारांना आशा होती, आणि तिथे हात थांबला. पाव गव्हाचा, कायदा मक्याचा, हे जुळेना. मोठे अवघड शब्द मी इमानदारीत डिक्शनरीत बघते हो, पण कॉर्न कोण बघतं, तो शाळेपासून माहितीय. म्हणजे शब्द माहीत असणं हीच अडचण झाली की काय? आणि असे अजून कुठले बारके शब्द आहेत जिथे मी आपटू शकते, तेही सांगा प्लीज.

जुनीवही:
हात थांबला हे फार बरं झालं, छापून आल्यावर कळलं असतं तर जीव हळहळला असता. कॉर्नचा मूळ अर्थ नुसता दाणा, मग कुठलंही धान्य. त्यातही ज्या भागात जे मुख्य पीक त्यालाच लोक कॉर्न म्हणायचे, म्हणजे इंग्लंडच्या बऱ्याच भागात गहू आणि स्कॉटलंडात ओट्स. मिऱ्याच्या दाण्याला पेपरकॉर्न म्हणतात तिथे तो जुना 'दाणा' अजून जिवंत आहे, आणि कॉर्न्ड बीफमध्ये मक्याचा कणही नसतो, मिठाचे जाडे खडे लावून मुरवलेलं मांस म्हणून ते कॉर्न्ड.

मका अमेरिकेतला. 1492 नंतर युरोपला कळला, आणि अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी त्याला इंडियन कॉर्न म्हटलं, म्हणजे 'इथल्या मूळ लोकांचं धान्य'. बोलता बोलता इंडियन गळून पडलं आणि कॉर्न उरलं. त्यामुळे 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूचे शिष्य कॉर्नच्या शेतातून जाताना कणसं तोडतात, तिथे मक्याचं कणीस डोळ्यासमोर आणलं तर अख्खं चित्रच चुकतं, त्या काळी त्या भूमीत मका नव्हताच. त्याच बायबलमध्ये 'कॉर्न ऑफ व्हीट' असंही आहे, म्हणजे सरळ गव्हाचा दाणा.

तुमच्या कायद्यांचं म्हणाल तर 1815 चा कायदा असा होता की देशात गव्हाचा भाव क्वार्टरला (हे धान्य मोजायचं तिथलं जुनं माप) 80 शिलिंग होईपर्यंत बाहेरचा गहू विकायला आणायचा नाही. जमीनदारांचं भलं झालं, पाव महागला. 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ते कायदे मोडीत काढले. मराठीत 'धान्य कायदे' म्हणतात, तेच ठेवा. पण एक जपा, सरसकट 'फाइंड-रिप्लेस' मारू नका!! कारण त्याच सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि पील यांनी 1845 मध्ये अमेरिकेतून इंडियन कॉर्न मागवलं, आणि ते मात्र खरंच मका होतं. एकाच गोष्टीत, एकाच माणसाच्या हातून दोन वेगळी कॉर्न जातात, त्यामुळे प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालावी लागेल.

रानमोगरा:
वा, जुनीवही, पील यांचा तो मुद्दा फारच मोलाचा. मी अशा शब्दांची भर घालते, अर्थ आखडत गेलेल्या. डिअर म्हणजे आज हरीण, पण जुन्या इंग्रजीत कुठलाही प्राणी. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ 'टीअर' आजही प्राणी याच अर्थाने चालतो. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये उंदीर, घुशी आणि 'स्मॉल डिअर' खाऊन दिवस काढल्याचं बोलणं आहे, तिथे हरणाची पाडसं नाहीत, बारीकसारीक जनावरं आहेत.

आणि हे आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही कारण आपल्या 'मृग'चं अगदी हेच झालंय. वेदात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर, नंतर तो हरणापुरता उरला, पण मृगेंद्र म्हणजे सिंह हा शब्द जुना अर्थ धरून बसलाय, सिंह काही हरणांचा राजा नव्हे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी डिअर आणि मृग दोन्ही एका कागदावर लिहून कितीतरी वेळ बघत बसले होते, एकमेकांशी नातं नसलेले दोन शब्द आणि दोघांची वाट एकच.

स्टार्व्ह हा तिसरा. मूळ अर्थ नुसता मरणे, जर्मनमध्ये 'श्टेर्बेन' अजूनही मरणेच. पुढे प्रमाण इंग्रजीत तो उपासमारीकडे वळला, पण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत थंडीकडे वळला, तिथला जुना माणूस मी स्टार्व्ह्ड आहे म्हणाला तर त्याला जेवण नको, शेकोटी हवी. एकोणिसाव्या शतकातला मजकूर आहे ना तुमचा, तर हा शब्द आला की बोलणारा कुठला आहे ते आधी बघा.

उत्तरवारा:
उत्तरेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी दोन वर्षं यॉर्कशरमध्ये नोकरीला होतो. पहिल्याच आठवड्यात सहकारी म्हणाला तो 'नाइन व्हाइल फाइव्ह' असतो. मी व्हाइलचा अर्थ 'असताना' लावून बराच वेळ डोकं खाजवत राहिलो, मग कळलं की तिथे व्हाइल म्हणजे 'पर्यंत', नऊ ते पाच एवढंच म्हणायचं होतं त्याला.

पण मला खरं वेड लावलं यॉर्कच्या रस्त्यांनी. स्टोनगेट, कॉपरगेट, अशी नावं बघून मी पहिल्या रविवारी चक्क दरवाजे शोधत फिरलो, एक सापडेना. कारण तिथलं 'गेट' हे दरवाजा नाहीच, ते स्कँडिनेव्हियातल्या लोकांचं 'गाता', म्हणजे रस्ता. वायकिंगांनी 866 मध्ये यॉर्क घेतलं आणि त्यांची बोली तिथे मुरली. मग शहराच्या तटाला जे खरे दरवाजे आहेत त्यांना काय म्हणतात? बार! मिकलगेट बार, बूथम बार. म्हणजे गेट हा रस्ता आणि बार हा दरवाजा. आणि कॉपरगेटमध्ये तांबंही नाही बरं का, ते लाकडी वाट्या-पेले करणाऱ्यांच्या नावावरून पडलंय. तिथे 1976 ते 1981 मध्ये उत्खनन झालं त्यात लाकूड कातण्याच्या कामाच्या खुणा मिळाल्या. कॉपरही नाही, गेटही नाही, पण नावातली गोष्ट जमिनीखाली हजार वर्षं जशीच्या तशी होती, मला अजूनही याचं फार अप्रूप आहे.

कोपराखळी:
दोनच शब्द सांगतो, घाईत आहे. लेट, म्हणजे 'करू देणे' वाला. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक करू देणे आणि एक अडवणे, उच्चार घासत घासत दोन्ही 'लेट' झाली. म्हणून ब्रिटिश पासपोर्टवर 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' लिहिलेलं असतं तिथे अर्थ 'बिना अडथळा', अगदी उलटा. हॅम्लेटही मला जो 'लेट' करेल त्याचं भूत करीन म्हणतो तेव्हा अडवणाऱ्याबद्दलच बोलतोय.

दुसरा टेबल. ब्रिटनमध्ये विषय टेबल केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवला. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी यावरून भांडले होते, चर्चिल यांनी नंतर लिहूनही ठेवलंय, बराच वेळ वाद झाल्यावर कळलं की दोघांना तेच हवं होतं.

पानाआड:
किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पण मग ओळखायचं कसं? प्रत्येक छोटा शब्द तपासत बसले तर काम कधी संपायचं?

जुनीवही:
प्रत्येक नको. वाक्य जरासं जरी अडखळलं, तुमचं पावाशी अडखळलं तसं, तर दोष आधी त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दावर ठेवा. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी उघडायची, तिचा फायदा हा की अर्थ जुन्यापासून नव्याकडे लावलेले असतात आणि प्रत्येकासोबत सालासकट उतारे असतात, तुमच्या मजकुराच्या सालापाशी जाऊन थांबायचं. बोलीभाषेसाठी जोसेफ राइट यांची इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी बघा, 1898 ते 1905 मध्ये निघालेले सहा खंड, तुमच्या काळाला अगदी लागून. राइट स्वतः यॉर्कशरच्या गिरणीत लहानपणी कामाला होते आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं, त्या माणसाने हे काम केलंय.

रानमोगरा:
आणि 'मीट'कडे लक्ष ठेवा, तो राहिलाच सांगायचा. मूळ अर्थ अन्न, कुठलंही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात हिरवा पाला 'मीट' म्हणून दिलाय.

पानाआड:
थांबा थांबा. माझ्या सत्ताविसाव्या पानावर एक कामगार बाई म्हणते की दिवसभर राबून घरात 'मीट अँड ड्रिंक' पुरत नाही, आणि मी तिथे 'मांस आणि दारू' लिहिलंय. बिचारीला मी कुठे नेऊन ठेवलं! अन्नपाणी म्हणत होती ती. बदलते आत्ताच.