गौरीच्या गाण्यातली तर आणि गाडी

मूळ मत (राजापूर)
आमच्या वाडीत गौरी जागवताना पणजीच्या काळापासून एक गाणे म्हटले जाते. माहेरी निघालेली सासुरवाशीण खाडीच्या काठावर उभी राहून पलीकडच्या तरीवाल्याला, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या नावाड्याला, हाक मारते, एवढाच त्याचा विषय. गेल्या वर्षी मंडळाच्या मुलांनी ते कीबोर्डाच्या ठेक्यावर बसवताना, आता ‘तर’ (खाडीपार नेणारी होडी) कोणी पाहिली आहे, असे म्हणून तिच्या जागी गाडी घातली. शब्द गेला याचे दुःख आहेच. पण त्याहून मोठे नुकसान चालीचे झाले, कारण प्रत्येक कडव्याच्या शेवटी बायका श्वास संपेपर्यंत जो सूर लांबवत, ती पाण्यावरून पलीकडे पोचायची हाक होती, आणि ठेक्यात मावत नाही म्हणून तीच कापली गेली. नवे गाणे खुशाल रचा. जुन्याला कात्री लावून त्याला पारंपरिक म्हणू नका.

प्रतिसाद (गुहागर)
मला हे पटत नाही. जात्यावर बसलेली बाई ओवीत आपल्याच भावाचे नाव घालीत असे. मग मूळ ओवी कोणती मानायची? जाखडीच्या नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष एकमेकांना सवाल घालतात, तेव्हा शाहीर नवी गाणी बांधतात, सिनेमाच्या चालीही घेतात, आणि मुंबईहून आलेले चाकरमानी रात्रभर बसून ऐकतात. शिवाय आमच्या फुगडीच्या गाण्यात मूल नसलेल्या बाईला वांझ म्हणून टोचणारे एक कडवे होते. ते आले की माझी जाऊ पाणी प्यायच्या निमित्ताने फेरातून आत जात असे. आम्ही ते कडवे काढून टाकले, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही.

प्रतिसाद (वेंगुर्ला)
बदला, पण आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या गटाने जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसह नोंदवल्या. आपल्या गौरीच्या गाण्यांसाठी निदान वाडीपुरते तरी तसे व्हायला हवे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर (राजापूर)
ताई, ते कडवे काढलेत हे योग्यच केलेत. ओवीतल्या भावाच्या नावालाही माझी हरकत नाही, कारण तो बदल गाणारीने दळता दळता स्वतः केला होता. आमच्याकडे मात्र गाणाऱ्या बायकांना कोणी विचारलेच नाही. त्यांच्यापैकी आता दोघीच उरल्या आहेत. यंदा ठेका बंद ठेवून आधी त्या दोघींनी म्हणावे, ते ध्वनिमुद्रित करावे, आणि मग मुलांनी गाडीचे गाणे म्हणावे, असे मी मंडळापुढे मांडणार आहे.