सल्ला हवा : ‘सेटल’ केलेले जुने कर्ज, घसरलेला सिबिल आणि क्रेडिट कार्ड

वडगावचा विणकर

नमस्कार. बेळगावच्या वडगावात माझे चार यंत्रमाग आहेत. २०१८ साली एका फायनान्स कंपनीकडून मी १,२०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले होते आणि २०२० च्या मार्चपर्यंत त्याचा एकही हप्ता चुकवला नव्हता. टाळेबंदीत साड्यांची उचल थांबली, माग बंद पडले, आणि हप्त्यांना मिळालेली सवलत त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर संपली तेव्हा घरात ना सूत होते ना रोकड. सात हप्ते थकले. पुढच्या वर्षी वसुलीला आलेल्या माणसाने ‘४८,००० बाकीपैकी ३०,००० भरा, खाते मिटवून टाकू’ असे सांगितले. पत्नीचे दागिने गहाण ठेवून मी ती रक्कम भरली आणि प्रकरण संपले असे समजलो.

गेल्या तीन महिन्यांत क्रेडिट कार्डासाठी केलेले माझे दोन अर्ज नाकारले गेले, तेव्हा कुठे मला कळले की माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक, ६११ आहे आणि त्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. कार्ड मला चैनीसाठी नको आहे. मुलगी अकरावी विज्ञानाला आहे, दोन वर्षांनी तिच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागेल, आणि त्या वेळी सहकर्जदार म्हणून माझीच नोंद पाहिली जाणार आहे. तोपर्यंत ती सुधारावी एवढीच इच्छा आहे.

एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्थेत, पिग्मी (रोजची लहान बचत) भरून मी २६,००० रुपये जमवले आहेत. खडेबाजारातला एक एजंट ८,००० रुपयांत ‘सिबिल क्लिअर’ करून देतो म्हणतो. त्याला पैसे द्यावेत, जुने कर्ज पुरते फेडावे, की ठेव ठेवून कार्ड घ्यावे? कानडी मला बोलता येते, पण बँकेचे कागद कानडी किंवा इंग्रजीत असल्याने वाचताना अडखळतो, म्हणून इथे विचारतो आहे.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

दादा, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. पतमाहिती ठेवणाऱ्या आपल्या देशात चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांतली कोणतीही कंपनी तुमच्या कर्जाची नोंद स्वतःच्या मनाने बदलत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती कळवली तरच ती बदलते, आणि तशी तक्रार तुम्ही स्वतः विनाशुल्क करू शकता. खरी असलेली थकबाकी कोणालाच पुसता येत नाही, म्हणजे एजंट एक तर तुमच्याच नावाने फुकटची तक्रार नोंदवणार किंवा पैसे घेऊन गप्प बसणार.

आता ‘सेटल्ड’चा अर्थ सांगतो, कारण आपल्या भागात याबाबत फार गैरसमज आहे. वसुलीच्या माणसाने खाते मिटले म्हटले ते त्याच्या कामापुरते खरे होते. कंपनीच्या वहीत मात्र तुमच्याकडून १८,००० रुपये कमी आले आणि ते नाइलाजाने सोडून दिले अशी नोंद झाली, व नवे कर्ज देणारा अधिकारी आकड्याच्याही आधी तोच शेरा वाचतो. माझ्या नोकरीत मी असे किती अर्ज बाजूला ठेवले असतील याचा हिशेब नाही. अर्जदार समोर बसून ‘साहेब, मी तर पैसे भरले होते’ म्हणायचा, तेव्हा ते ऐकणे मला जड जात असे. कारण तडजोडीच्या दिवशी हे त्याला कोणी समजावून सांगितलेलेच नसे.

म्हणून माझा सल्ला असा की, त्या कंपनीला लेखी अर्ज करून सोडून दिलेली रक्कम भरण्याची तयारी कळवा आणि खाते ‘क्लोज्ड’ दाखवण्यासाठी एकूण किती भरावे लागेल याचे पत्र मागवा. पत्र हाती येईपर्यंत काहीही भरू नका. भराल तेव्हाही वसुलीच्या माणसाच्या हाती रोख न देता थेट कर्जखात्यात भरा आणि ना-थकबाकी दाखला घ्या. एवढे केल्यावर शेरा बदलेल. थकलेल्या महिन्यांच्या खुणा मात्र राहतील. पण तुमच्या बाबतीत शेरा अधिक नडतो आहे. आधी तो काढा, कार्डाचे नंतर पाहा.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

काकांचा अनुभव मोठा आहे, तरी क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे, आणि ते मी स्वतः या वाटेने गेलो म्हणून मांडतो. दादांकडे एकूण २६,००० आहेत. त्यांतले १८,००० जुन्या कर्जात गेले तर शेरा सुधारेल, पण नवी चांगली नोंद एकही तयार होणार नाही आणि हातात ८,००० उरतील. हीच रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवून तिच्यावर कार्ड घेतले तर पैसे खर्च होत नाहीत. ते व्याजासह तुमचेच राहतात, फक्त बँक त्यांच्यावर लिन ठेवते, म्हणजे कार्ड बंद करीपर्यंत ठेव मोडता येत नाही. बिल भरले नाही तर बँक ठेवीतून वसूल करते, त्यामुळे अशा कार्डासाठी पगारपत्रक किंवा चांगला सिबिल सहसा मागत नाहीत.

माझ्या भावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो. ते कर्ज थकले आणि नोंद माझ्याही अहवालात उमटली. जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसते हे सही करताना मला ठाऊक नव्हते. नंतर एका राष्ट्रीयीकृत बँकेत २५,००० ची ठेव ठेवून कार्ड घेतले, त्यावर दरमहा फक्त वीजबिल आणि पेट्रोल भरले, आणि दीड वर्षाने त्याच बँकेने दुचाकीचे कर्ज दिले. नवी नोंद तयार व्हायला महिने लागतात आणि ते महिने पैसे देऊन विकत घेता येत नाहीत. दादांकडे दोन वर्षे आहेत, म्हणून कार्ड आजच सुरू करावे आणि जुने कर्ज पुढच्या वर्षभरात फेडावे.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

तुमचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे आणि मी माझा क्रम बदलतो. शिक्षणकर्जाचा अर्ज सहा महिन्यांत असता तर मी शेऱ्यावरच अडून राहिलो असतो, पण दोन वर्षांचा अवधी असताना ठेव आधी ठेवणे योग्य होईल. कंपनीला पत्र मात्र आजच पाठवा, कारण अशी जुनी खाती कधी कधी दुसऱ्या संस्थेला विकलेली असतात आणि पैसे नेमके कोणाला द्यायचे हे शोधण्यातच वेळ जातो. ज्या बँकेचे तुमच्यावर जुने देणे आहे तिच्याकडे ही ठेव ठेवू नका, कारण ती बँक आपले येणे ठेवीतून वळते करून घेऊ शकते.

सौहार्द सोसायटीबद्दलही सांगायला हवे, कारण बेळगावात घरटी एक तरी पिग्मी असते. तिथे तुम्ही रोज नेमाने पैसे भरलेत, हा तुमचा मोठा गुण आहे, पण पिग्मी ही बचत असल्याने पतअहवालात तिची नोंद येत नाही. या सोसायट्या बँका नसल्याने त्यांच्याकडून घेतलेल्या कर्जाची चोख परतफेडही बहुधा तिथे पोचत नाही. त्याखेरीज बँकेतल्या ठेवीला असलेले ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण सोसायटीतल्या ठेवीला नसते. पिग्मीची मुदत पुरी झाली असेल तर रक्कम काढून बँकेत आणा. मुदतीआधी मोडल्यास काय कपात होते ते आधी विचारा.

निपाणी, महिला संघाची लेखनिक

दादा, मी आणखी एक गोष्ट सुचवते. तुम्ही फक्त सिबिलचा अहवाल पाहिलेला दिसतो. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो, म्हणून चारही मागवा. निपाणीत बिडी वळणाऱ्या आमच्या बायकांची संघाची कर्जे बहुतेक क्रिफ हाय मार्कच्या अहवालात सापडतात, आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

माझ्या स्वतःच्या अहवालात ३५,००० चे असे एक कर्ज होते जे मी कधी घेतलेच नव्हते. गटासाठी म्हणून माझे आधार कार्ड आणि अंगठा एकीने घेतला होता आणि त्यावर माझ्या नावाने रक्कम उचलली गेली होती. हप्ते थकले तेव्हा वसुलीची माणसे माझ्या दारात आली, आणि सासूबाईंसमोर झालेली ती बोलणी मी विसरू शकत नाही. मी पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे एकाच दिवशी लेखी तक्रार केली. अशी तक्रार ३० दिवसांत मिटवली पाहिजे आणि त्यापुढे लागणाऱ्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माझ्या पत्रात मी हा नियम लिहिला होता आणि २४व्या दिवशी ते कर्ज माझ्या नावावरून निघाले.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुलीवाल्यांचा त्रास होत असेल तर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला व पुढे त्याचा कायदा केला, हे आपल्या बायकांना जरूर सांगा. पुष्कळजणींना अजून ते माहीत नाही.

खानापूरकर

नावाचे स्पेलिंगही तपासून पाहावे. आपल्याकडे शिधापत्रिकेवर नाव कानडीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि पॅनवर इंग्रजीत असते. कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे नुसते आद्याक्षर येते. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बदलल्यापासून जुन्या कागदांवर ‘बेळगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असते. माझ्या अहवालात माझ्याच नावाच्या तालुक्यातल्या दुसऱ्या माणसाचे पीककर्ज मिसळले होते. अर्ज करण्यापूर्वी पॅन, आधार आणि बँकखाते यांवरचे नाव अक्षरशः एकसारखे करून घ्या.

वडगावचा विणकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. नाकारलेल्या दोन अर्जांनी आणखी नुकसान झाले असेल का? आणि कार्ड मिळाल्यावर ते नेमके किती वापरावे?

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत पुष्कळ चौकश्या दिसल्या तर माणूस पैशांच्या निकडीत आहे असा समज होतो, म्हणून आता ठेवीवरच्या कार्डाखेरीज एकही अर्ज करू नका. आधीचे अर्ज का नाकारले याचे कारण लेखी देणे बँकेवर बंधनकारक आहे, ते मात्र मागवून घ्या.

वापराबद्दल सांगायचे तर मर्यादा २०,००० असेल तर बिल ६,००० च्या आत ठेवा. तीस टक्क्यांचा हा संकेत कर्ज देणारे मानतात. कार्डावरून रोख रक्कम कधीही काढू नका, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. सूत खरेदीही त्यावर करू नका, कारण व्यापाऱ्याकडून तुमचे पैसे यायला दोन-तीन महिने लागतात आणि बिल त्याआधी येते.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

बिलावर ‘किमान देय’ म्हणून एक लहान रक्कम छापलेली असते आणि माणसे तेवढीच भरून निश्चिंत होतात. समजा बिल १०,००० चे आहे आणि तुम्ही ५०० भरलेत. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर उरलेल्या ९,५०० वर सुमारे ३३२ रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ६० रुपये होतात. म्हणजे पुढच्या महिन्याच्या पाचशेंतले जवळपास चारशे यातच जातात, शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे पूर्ण बिलाचे ऑटो डेबिट पहिल्याच दिवशी लावून घ्या. देय तारीख हुकली तर तीन दिवसांपर्यंत बँक तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवू शकत नाही किंवा दंड लावू शकत नाही, पण ही सवलत अडीअडचणीसाठी राखून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून या नोंदी किमान पंधरा दिवसांतून एकदा कळवल्या जातात, त्यामुळे चांगले वर्तन पूर्वीपेक्षा लवकर दिसते आणि चूकही तितक्याच लवकर दिसते.

वडगावचा विणकर

चार महिन्यांनी कळवतो आहे. पिग्मीची रक्कम काढून २५,००० ची ठेव ठेवली आणि २०,००० मर्यादेचे कार्ड मिळाले. वीजबिल आणि मुलीच्या शिकवणीची फी एवढेच त्यावर भरतो, आणि तिन्ही बिले पूर्ण चुकती केली आहेत. ताईंच्या सांगण्यावरून चारही अहवाल मागवले. एकात माझा जुना पत्ता शहापूरचा होता, तो दुरुस्त झाला. कंपनीचे पत्रही आले असून १८,००० रुपये तीन भागांत भरल्यावर खाते ‘क्लोज्ड’ दाखवू असे त्यांनी लिहून दिले आहे. पहिले ६,००० या १० तारखेला भरणार आहे. त्यांचा माणूस रोख घेण्यासाठी घरी येतो म्हणाला होता, त्याला मी नको सांगितले.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

योग्य केलेत. पावतीवर कर्जखात्याचा क्रमांक आला आहे का ते पाहून घ्या, आणि पत्राची मूळ प्रत कोणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.