मदत हवी आहे: २७ एप्रिलला ॲम्स्टरडॅम, नेमके राजाच्या वाढदिवशी पोचतोय

मंडळी, घोळ झालाय. जुन्या गाइडबुकात तिथला मोठा सण ३० एप्रिलला लिहिला होता, म्हणून निर्धास्तपणे २७ ते २९ बुकिंग केलं. काल ऑफिसातला डच सहकारी म्हणाला, तो राणीचा दिवस होता. २०१४पासून राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस साजरा होतो, म्हणजे २७लाच!

आम्ही पाच जण: मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). दोघंही सत्तरीपुढचे, त्यात साबुंचा गुडघा. सोमवारी दुपारी १ वाजता स्किपोल विमानतळावर उतरतोय. हॉटेल प्रिन्सेनग्राख्त कालव्यावर, फाइझलग्राख्त स्टेशनजवळ, पैसे परत न मिळणारं. एजंट म्हणतो, "मॅडम, फेस्टिव्हल आहे, एन्जॉय करा." चार ट्रॉली बॅगा त्याला ओढायच्या नाहीत ना!

टॅक्सी दारापर्यंत जाईल का? की पहिली रात्र जवळच्या हार्लेम शहरात काढावी? त्या दिवशी संग्रहालयं, कालव्यातल्या फेऱ्या चालू असतात का? आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी टॉयलेट? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
आम्ही ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनचे, दरवर्षी जातो. टॅक्सीचा नाद सोडा, मध्यभागातले रस्ते बंद असतात आणि ट्रामही तिथे धावत नाहीत. स्किपोलहून सेंट्रल या मुख्य स्टेशनला जाऊ नका, ॲम्स्टरडॅम झाउड स्टेशनला जाणारी ट्रेन घ्या. तिथून ५२ नंबरची मेट्रो थेट फाइझलग्राख्तला. लिफ्ट आहे. मात्र गर्दी हाताबाहेर गेली तर मेट्रो एखादं स्टेशन सोडून पुढे जाते, तेव्हा निघण्याआधी जीव्हीबीच्या (मेट्रो-ट्राम चालवणाऱ्या कंपनीच्या) साइटवर बघाच. एक मोठी बॅग स्किपोलच्या लॉकरमध्ये ठेवली तर साबु दुवा देतील.

हार्लेमला जायची गरज नाही, तिथेही हाच गोंधळ. खोली रस्त्याकडची मिळाली तर मागची मागून घ्या. कालव्यातून दिवसभर गाणी लावलेल्या होड्या जातात. नेहमीच्या फेरीच्या बोटी बऱ्याचशा बंद असतात, ते २८ला ठेवा. राइक्सम्युझियम मात्र रोज उघडं असतं.

प्रतिसाद २
लेकीला व्होंडेलपार्कला न्याच! तिथला बाजार मुलांचा. जुनी खेळणी, कोडी मांडून बसतात, कुणी व्हायोलिन कर्कश वाजवून पुढ्यातल्या टोपीत नाणी गोळा करतं. बाकी शहरभर व्रायमार्क्ट, म्हणजे कुणीही परवान्याशिवाय घरातलं जुनं सामान फुटपाथवर मांडावं. आदल्या दिवसापासून खडूने, चिकटपट्टीने चौकोन आखून 'बेझेट', म्हणजे जागा घेतलेली आहे, असं लिहून ठेवतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच. दोन युरोला निळ्या नक्षीची डेल्फ्ट चिनीमातीची बशी घेतली होती, घरी आल्यावर कपची उडालेली दिसली.

टॉयलेट हा खरा वांधा. पुरुषांसाठी रस्त्यात जागोजागी सोय, बायकांचे हाल. काही घरांच्या दारावर 'डब्ल्यूसी, १ युरो' अशी पाटी दिसते. सुटे ठेवा.

प्रतिसाद ३
राजाला बघायची हौस असेल तर ॲम्स्टरडॅममध्ये दिसणार नाही. तो दरवर्षी वेगळ्या गावाला जातो. आणि आधीच्या राणीचा, बेआट्रिक्सचा, स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीचा, ऐन थंडीत. म्हणून तिने आईच्या वाढदिवसाची ३० एप्रिल तारीख चालू ठेवली. तुमच्या गाइडबुकाची ती चूक नाही, वय झालंय त्याचं.

धागाकर्ती
खूप आभार! झाउड आणि ५२ नंबर पक्कं. एक बॅग स्किपोललाच ठेवू, साबु हॉटेलच्या खिडकीतून होड्या बघतील, व्होंडेलपार्कला आम्ही तिघं. म्हणजे मागची खोली रद्द, त्यांना पुढचीच हवी. सगळे नारंगी घालतात हे कळल्यापासून ते भाच्याच्या लग्नातला केशरी फेटा शोधताहेत. साबा विचारतात, त्या गर्दीत एप्रिलअखेर स्वेटर लागेल का?

प्रतिसाद १
लागेल. आणि पावसाचं जाकीटही. फेटा आणाच!