बर्फाने उखडलेला ड्राइव्हवे: पॅच की तोडफोड?

सचिव: सोसायटीच्या काँक्रीट ड्राइव्हवेचे पापुद्रे निघतायत, जिन्याजवळ पायवाटेचे दोन स्लॅब वर आलेत. वरून सिमेंटचा हात फिरवून घेऊ का?

ए-३०२: नको. पुढच्या हिवाळ्यात सगळं पोपड्यांसारखं निघेल. आधी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की आत पोकळ. तिथे खडूने खूण करा.

सी-१०४: हे दोन वेगळे आजार आहेत. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ते वरच्या थरात मुरलेलं असलं की पापुद्रे सुटतात. स्लॅब मात्र खालची ओली, बारीक माती गोठून उचलला जातो. तिथे पॅच काय करणार? खचलेला स्लॅब भोकं पाडून, खाली फोम भरून उचलता येतो; वर आलेला फोडावाच लागतो.

सचिव: मग पापुद्र्यांना पॅच चालेल ना?

ए-३०२: खराबी वरवरची असेल तर. कडा कटरने सरळ उभ्या कापा, निदान २० मिमी खोल. कडेला निमुळता केलेला पॅच तिथूनच सुटतो. धूळ काढून भाग ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. पॉलिमर मॉर्टर म्हणजे चिकट रसायन मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण; त्याचाच पातळ लगदा ब्रशने घासा आणि ती ओली असतानाच मॉर्टर भरा.

बी-५०१: भेगांत मॉर्टर नको हं काका, भेग हलत राहते. फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट.

सी-१०४: नवीन स्लॅबखाली १०० ते १५० मिमी खडी, नीट दाबून. पायवाट १०० मिमी, गाड्यांसाठी १२५ ते १५०. उतार मीटरला २ सेंमी, इमारतीपासून बाहेर. पायवाटेला फार तर अडीच मीटरवर जॉइंट, म्हणजे भेग तिथेच जावी म्हणून पाडलेली खाच, जाडीच्या पाव खोल. काँक्रीटच्या ऑर्डरमध्ये ‘एअर-एंट्रेंड’, म्हणजे बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम ठेवलेलं, असं लिहून घ्या, हवा ५ ते ८ टक्के. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. आणि मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ओतू देऊ नका. सगळी माती तिथेच होते.

बी-५०१: ताज्या काँक्रीटवर सुटलेलं पाणी उडून जायच्या आत थापी फिरवली, तरी पापुद्रे ठरलेले.

सचिव: ओतायचं कधी? आणि बर्फ वितळवायला मीठ?

सी-१०४: पारा ५ अंशांखाली जाणार असेल तेव्हा नको. नंतर ७ दिवस ओलावा टिकवा, २८ दिवसांनी सायलेन सीलर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारं रसायन.

ए-३०२: पहिल्या हिवाळ्यात मीठ नाही, वाळू टाका. अमोनियमवालं खत तर कधीच नाही, ते काँक्रीट खातं.

सचिव: उद्या सकाळी हातोडी आणि खडू घेऊन खाली येतो.

बी-५०१: येताना गच्चीच्या पन्हळीचा पाइपही बघा. तो त्याच दोन स्लॅबांपाशी सुटतो. तो आधी वळवायला हवा.