प्रति: कॅमेरा चेक-इन बॅगेत टाकू का?

कपड्यांत गुंडाळून चेक-इनमधे टाकू का असं वर विचारलंय, तर अजिबात नको हो! बॉडी, लेन्स सगळं केबिन बॅगेतच, आणि जादाच्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इनमधे चालतच नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून जवळ ठेवायच्या, १०० वॉट-अवरच्या (म्हणजे बॅटरीची क्षमता) आतल्या असल्या की अडत नाही.

परदेशी निघताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट (कॅमेरा इथूनच नेलाय याचा दाखला) नक्की घ्या, नाहीतर परत येताना नवीन घेतलाय समजून ड्युटी मागू शकतात. बिल आणि सिरियल नंबर लागतो, आम्ही त्यासाठी ठाण्याहून तासभर लवकरच निघालो होतो, घोडबंदरचं ट्रॅफिक माहितीये ना.

बार्सिलोनात चोरीच्या भीतीनं कॅफेत बसलं की बॅग खुर्चीला कधीच अडकवली नाही, पट्टा मांडीला गुंडाळून बसायचे. फोटो रोज रात्री दुसऱ्या कार्डावर घ्यायचे, आणि ते कार्ड नवऱ्याच्या पाकिटात.