मदत हवी: शाळांचं 2037 पर्यंतचं ‘व्हिजन डॉक्युमेंट’ कसं करायचं?

म्हादईकाठ
नमस्कार. शाळांसाठी 2037 पर्यंतचं व्हिजन डॉक्युमेंट करायचं आहे. शनिवारी बैठक आहे आणि मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. ‘महत्त्वाकांक्षी पाहिजे’ एवढीच सूचना. कुणाकडे तयार नमुना असेल तर टाका प्लीज. एआयकडून काढून घेतलं, तर ‘सर्वांगीण’, ‘गुणवत्तापूर्ण’, ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’ असं तीन पानं भरून आलं. हेडसर खूश. पण त्यामुळे शाळेत नेमकं काय बदलणार ते मला कळलं नाही. ‘गुगल करा’ सांगू नका, केलंय.

फोंडेकर
कसल्या शाळा? सरकारी, अनुदानित? कितवीपर्यंत? किती? तुम्ही शिक्षिका की व्यवस्थापनातल्या? आणि 2037च का?

टीम_लीड
मूळ माशेलचा, सध्या पुण्यात आयटीत. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. आधी स्वॉट (बळ, उणिवा, संधी, धोके) करा, मग ओकेआर (उद्दिष्टं आणि त्यांची मापं) लावा, प्रत्येक तिमाहीला रिव्ह्यू. जमल्यास सगळ्यांना दोन दिवस एखाद्या रिसॉर्टवर न्या, शाळेच्या वातावरणात माणसं मोकळी बोलत नाहीत. पहिलं वाक्य असं ठेवा: ‘2037 पर्यंत गोव्यातील सर्वोत्तम शाळा’. टेम्प्लेट हवा असेल तर ईमेल द्या.

पेडण्याची_पोर
रिसॉर्ट! आमच्या शाळेत खडू संपला तर मी खिशातून आणते हो दादा.

फोंडेकर
2037चं कळलं. 30 मे 1987 ला घटक राज्य झालो, त्याची पन्नास वर्षं. सरकारच्या ‘विकसित गोवा 2037’ची हवा आहे, त्यात कुणीतरी शाळाही घातल्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं अजून यायचीत.

म्हादईकाठ
गोव्याच्या मंडळींना विचारतेय म्हणजे अंदाज येईल असं वाटलं. सत्तरी तालुक्यातलं आहे. हायस्कूल अनुदानित, पाचवी ते दहावी. आजूबाजूच्या चार सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, मराठी. पाचही शाळांचं मिळून एक व्हिजन करायचं. मी शिक्षिका नाही, हायस्कूलच्या पीटीएची (पालक-शिक्षक संघाची) अध्यक्ष. बँकेत असते म्हणून ‘तुम्हाला ड्राफ्टिंग येतं’ असं सगळ्यांचं म्हणणं.

निवृत्त_गुरुजी
ताई, हे आधी सांगायला हवं होतं, उत्तरच बदललं. शिक्षण खात्यात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो.

सरकारी प्राथमिक शाळेचा आराखडा हायस्कूलची पीटीए करू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 खाली शाळा व्यवस्थापन समिती आणि कलम 22 खाली शाळा विकास आराखडा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्या चार समित्यांचे ठराव नसतील तर तुमचा कागद भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर पडून राहील.

कल्पना मात्र उत्तम आहे आणि नवीनही नाही. कोठारी आयोगाने (1964-66) हेच सुचवलं होतं: हायस्कूल मध्यभागी, भोवतालच्या प्राथमिक शाळा त्याला जोडलेल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘शाळा संकुल’ म्हणून ते परत आलंय, पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या शाळा आणि अंगणवाड्यासुद्धा धरून. अंगणवाडी सोडू नका.

बार्देशकर
माध्यमाचा प्रश्न सुटल्याशिवाय व्हिजन वगैरे सगळं वाऱ्यावर. 1990 ला अनुदान फक्त भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांना होतं. 2011 ला इंग्रजीला दिलं आणि मराठी-कोकणी शाळांची घरघर तेव्हाच सुरू झाली. यावर बोला आधी.

तिस्क
पालकांना इंग्रजी हवंय त्याला सरकार काय करणार? सकाळी तिठ्यावर उभे राहा. सरकारी शाळेच्या दारावरून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी भरून जाते.

बाय द वे, आमच्याकडे बालरथचा (शाळेच्या बसचा) ड्रायव्हर सुट्टीवर गेला की बदली मिळत नाही. कुठे तक्रार करायची?

बार्देशकर
पालकांना ‘हवंय’ की हवंसं करून ठेवलंय?

फोंडेकर
माध्यमाच्या धाग्याचा दोनशेवा प्रतिसाद तिकडे द्या. इथे बाईंना शनिवार आहे.

पेडण्याची_पोर
पण माध्यम सोडून या व्हिजनला अर्थ नाही, फक्त बार्देशकर म्हणतात त्या अर्थाने नाही. मी एकशिक्षकी शाळेत आहे. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे पहिली-दुसरी, उजवीकडे तिसरी-चौथी. अशा शाळेतून मराठीत चौथी झालेलं पोर जूनमध्ये हायस्कूलला जातं आणि गणित, विज्ञान एकदम इंग्रजीतून. घरी भावंडांना गोष्ट वाचून दाखवणारा मुलगा पाचवीत मागच्या बाकावर गप्प. सहामाहीला हायस्कूलचे सर म्हणतात, ‘प्राथमिकला काही शिकवलंच नाही.’ आम्ही म्हणतो, ‘तुम्ही विचारलंत कधी?’ दोन्ही शाळा एकाच रस्त्यावर.

निवृत्त_गुरुजी
अचूक. नव्या धोरणात तिसरी ते पाचवी हा एकच टप्पा आहे. आपल्याकडे त्या टप्प्याच्या मध्येच शाळा, मास्तर आणि माध्यम तिन्ही बदलतात. ताई, तुमचं व्हिजन या सांध्यावर बांधा. दुसऱ्या कुणालाही ते जमणार नाही, कारण सांध्याच्या दोन्ही बाजू तुमच्याच संकुलात आहेत.

टीम_लीड
हे ठीक, पण ‘महत्त्वाकांक्षी’ कुठे आहे? मोजता येणारं टार्गेट हवं. दहावीचा निकाल शंभर टक्के, साधं, सगळ्यांना कळणारं.

पेडण्याची_पोर
शंभर टक्के कसा आणतात ठाऊक आहे? कच्च्या मुलाला नववीत अडवायचं, नाहीतर ‘दुसरी शाळा बघा’ म्हणून पालकांना बोलवायचं. निकाल शंभर, आणि मूल कुठे गेलं ते कुणी मोजत नाही. मोजायचंच तर हे मोजा: पाचवीत आलेल्यांपैकी किती जण त्याच हायस्कूलमधून दहावीला बसले.

टीम_लीड
मुद्दा मान्य. तरी टेम्प्लेट पाठवतो.

वाळपईचा_वाटसरू
एक धोक्याची सूचना. त्या चार शाळांचा पट कागदावर लिहू नका. कमी दिसला की विलीनीकरणाची गोष्ट निघते. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी उघडलेल्या शाळा आपल्याच हाताने बंद व्हायच्या.

निवृत्त_गुरुजी
पट दरवर्षी यूडायसमध्ये (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत) जातोच हो, खात्याला तो तुमच्या आधी कळतो. लपवण्यापेक्षा तोच पुढे ठेवा. शिवाय हिशेब बघा. 2037 ला दहावीची परीक्षा देणारं मूल 2027 ला पहिलीत येणार, म्हणजे ते जन्मलंय, आज अंगणवाडीत खिचडी खातंय. तुमचं व्हिजन कुणासाठी आहे ते नावानिशी माहीत असलेली ही मुलं. अंगणवाडीच्या नोंदवहीतून वर्षवार आकडा काढा: किती मुलं, त्यांतली किती गावच्या शाळेत आली, किती पिवळ्या गाडीत बसली. एवढी तीन वर्षांची यादी बैठकीत ठेवली तर कुणी ‘एकविसावं शतक’ म्हणणार नाही.

वाळपईचा_वाटसरू
आणि विलीनीकरण झालंच तर?

निवृत्त_गुरुजी
तर हा कागद हातात असलेलं बरं. संकुल एकत्र चालतंय, हायस्कूलचे विषयशिक्षक आठवड्यातून एकदा खाली जातायत, तिथे एकशिक्षकी शाळेला ‘एकटी’ म्हणता येत नाही.

अनामिक_पालक
मुलीला अकरावीला सायन्स की कॉमर्स?

फोंडेकर
ताई, वेगळा धागा काढा, खरंच.

म्हादईकाठ
सगळ्यांचे आभार. पेडण्याच्या बाईंचं वाचून आमच्या पाचवीच्या वर्गशिक्षकांना फोन केला. म्हणाले, ‘पहिले तीन महिने मी दोन्ही भाषांत शिकवतो, पण ते कुठे लिहिलेलं नाही, माझ्या जागी बदलीवर येणारा करेलच असं नाही.’ तेच लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आता असं धरतेय: संकुलाच्या कुठल्याही शाळेतून चौथी झालेलं मूल वाचणारं, लिहिणारं आणि साधं गणित करणारं असेल, आणि पाचवीत माध्यम बदलल्यामुळे मागे पडणार नाही. तिसरीपर्यंत वाचन-गणिताचं केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहेच, त्याला जोडून पाचवीचा पूल. त्यासाठी चौथीच्या दुसऱ्या सत्रात हायस्कूलचे इंग्रजी शिक्षक खाली, पाचवीच्या पहिल्या सत्रात प्राथमिकच्या बाई वर. हेडसरांना मात्र रोबोटिक्स लॅब हवीच आहे.

टीम_लीड
लॅब ठेवा हो, फोटो चांगला येतो.

पेडण्याची_पोर
लॅबही ठेवा, हरकत नाही, मुलांना आवडते. पण मापन असं ठेवा की मूल घाबरणार नाही. मी चौथीच्या मुलांना कदंब बसची जुनी तिकिटं देते: पन्नासची नोट दिली, किती परत? जो सांगतो त्याला नापास-पास काही नाही, दुसऱ्या महिन्यात परत विचारते. प्राथमिकच्या बाई वर पाठवायच्या असतील तर तेवढा वेळ एकशिक्षकी शाळा कोण सांभाळणार हेही लिहा. नाहीतर मला टोकतील.

निवृत्त_गुरुजी
बरोबर. चारही शाळांचं वेळापत्रक आधी एकमेकांसमोर ठेवा. आणि अकरा वर्षांचं व्हिजन एका पानावर, पहिल्या तीन वर्षांचं काम कामांनिशी दुसऱ्या पानावर. हेडसर किंवा बाई बदलल्या तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हातात द्यायला दोन पानांपेक्षा जास्त नको. ठरावाखाली चारही समित्यांच्या सह्या. अंगणवाडीची वही सेविकेकडे असते, मुख्य सेविकेला कळवून मागा. नावं नकोत, फक्त आकडे.

म्हादईकाठ
देव बरें करूं, गुरुजी. शनिवारी फक्त अंगणवाडीची यादी आणि एक पान नेते, सह्यांसाठी पुढची तारीख मागते. चारपैकी एका शाळेच्या समितीची बैठक गेल्या वर्षी झालीच नाही असं आत्ता कळलं. ती कुणी बोलवायची?

निवृत्त_गुरुजी
त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीच, ते काम त्यांचंच असतं. सोमवारी सकाळी त्यांना भेटा. आधी चहा घ्या, मग विषय काढा.